सेशेल्सला फ्लायने गरवायला जायचंय? तयारी घराजवळच्या मैदानावर सुरू करा

सेशेल्समधल्या अल्फोन्स बेटावर जाऊन आल्यापासून ओळखीतले गरवणारे मला तेच तेच विचारतात, रॉड कुठला नेलास, रील कुठलं, खर्च किती आला. सगळं सांगतो, पण त्याआधी जे कुणीच विचारत नाही ते सांगतो. जायच्या आधी तीन महिने रोज अर्धा तास मैदानावर कास्टिंग करा, म्हणजे रॉडने दोरी फेकायचा सराव. बाकी सगळं पैसे भरून मिळतं, बोट मिळते, गाइड मिळतो, रॉडसुद्धा तिथे भाड्याने मिळतो, पण समोरून वारा घोंघावत असताना चाळीस-पन्नास फुटांवर फ्लाय, म्हणजे पिसांचं हलकं नकली आमिष, नेमकी टाकणं तुमच्याच हाताला यावं लागतं, आणि ते तिथे पोचल्यावर शिकायला गेलात तर सहातले तीन दिवस त्यातच जातात आणि तिथला एकेक दिवस फार महाग असतो.

आधी जागा समजून घ्या. सेशेल्सचं मुख्य बेट माहे. मुंबईहून थेट विमान असेल त्या दिवशी साधारण साडेचार तासांत पोचता. आपल्यापेक्षा दीड तास मागचं घड्याळ, त्यामुळे झोपेचा काही त्रास नाही. माहेहून नैऋत्येला साधारण ४०० किलोमीटरवर अल्फोन्स, छोट्या विमानाने तासभर. तिथे तीन बेटं आहेत, अल्फोन्स, बिजुतिए आणि सेंट फ्रांस्वा. लॉज आणि धावपट्टी अल्फोन्सवर, पण खरं गरवणं होतं ते सेंट फ्रांस्वाच्या लगूनमध्ये. सकाळी मोठ्या बोटीतून मधली खाडी ओलांडायची, पलीकडे लहान बोटी उभ्या असतात, त्यात एक गाइड आणि दोन गरवणारे, आणि मग दिवसभर तुम्ही आणि ते पाणी. पांढऱ्या वाळूचे आणि समुद्री गवताचे लांबच लांब उथळ पट्टे, ओहोटीला घोट्याएवढं पाणी, भरतीला मांडीपर्यंत. यांनाच फ्लॅट्स म्हणतात.

ज्यांनी फ्लाय कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आपण गरी टाकतो तेव्हा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायला म्हणावं असं वजनच नसतं, हुकावर पिसं, केस, चमकी बांधून केलेली कोळंबी किंवा चिंबोरी असते ती, म्हणून इथे वजन दोरीत असतं, जाड आवरणाची फ्लाय लाइन हवेत मागेपुढे उलगडायची आणि तिने फ्लायला सोबत न्यायचं.

सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. उरलेल्या महिन्यांत आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, तेव्हा तिकडे गरवणं अवघड. डिसेंबर ते मार्च वायव्येकडचं वारं, ऊन कडक आणि मध्येच पावसाच्या सरी. चक्रीवादळांचा मुख्य पट्टा याच्या दक्षिणेला आहे, पण दक्षिणेकडच्या फारकुहार बेटांना एप्रिल २०१६ मध्ये फँटाला वादळाने चांगलंच झोडपलं होतं, म्हणून कुठल्याही बेटावर जाताना इन्शुरन्स काढाच, आणि त्यात विमानाने दवाखान्यात हलवायचा खर्च धरलाय का ते वाचून बघा, कारण बेटावर प्रथमोपचारापलीकडे फार काही होत नाही.

आता तारीख कशी ठरवायची. इथे आपण कोकणातले लोक एक पाऊल पुढे आहोत असं मला मनापासून वाटतं. बाहेरचे लोक टाइड टेबल उघडून बसतात, आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, हे गुहागरकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. आमचे काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, सेशेल्सला भरतीच्या वेळा वेगळ्या, तिथे तो लावू नका. उधाण आणि भांग मात्र चंद्रावर चालतं, ते तिथेही तेच. उधाणाच्या आठवड्यात पाणी जोरात आत चढतं, जोरात बाहेर जातं, आणि मोठे जीटी (जायंट ट्रेव्हली, तिथला सगळ्यात दांडगा शिकारी मासा) त्या पाण्याबरोबर फ्लॅटवर येतात. भांगाच्या आठवड्यात पाणी फार हलत नाही, गुडघाभर पाण्याची जागा बराच वेळ गुडघाभरच राहते, बोनफिश या उथळ पाण्यातल्या चपळ, चंदेरी माशाच्या मागे निवांत चालता येतं. पहिल्यांदा जात असाल तर माझ्या मते भांगाचा आठवडा घ्या. जीटीचं वेड असेल तर उधाणाचा. बुकिंगच्या वेळी लॉजवाल्यांना हे स्पष्ट विचारा, ते नीट सांगतात. आणि बुकिंग वर्षभर आधी करा, आठवड्याला मोजकेच गरवणारे घेतात.

पैशांचं एकदाच बोलतो. आठवड्याचं पॅकेज माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे जातं, मुंबई-माहे तिकीट वेगळं, गाइडची टिप वेगळी, माहेला एखादी रात्र काढावी लागली तर ती वेगळी. भारतातून टूर पॅकेज म्हणून पैसे भरले की टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात हे धरून चाला. व्हिसा लागत नाही, निघण्याआधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन मात्र भरावं लागतं. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे, अ‍ॅडॉप्टर न्या.

सामान कमीत कमी. माहेहून पुढचं विमान छोटं आहे, माणशी साधारण १५ किलोच्या आसपास मर्यादा असते आणि ते खरोखर वजन करतात. कडक सुटकेस नको, मऊ डफल बॅग. चार तुकड्यांचा रॉड हँडबॅगेत जातो, पण पक्कड, कात्री, हुक हे सगळं चेक-इनमध्येच टाका. माझी एकदा कनेक्शनच्या विमानतळावर फ्लायची अख्खी डबी सिक्युरिटीवर काढून घेतली, तीन महिने रात्री बसून बांधलेल्या फ्लाय होत्या त्या, अजून आठवलं की जीव तुटतो. तेव्हापासून फ्लाय दोन डब्यांत वाटून, दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवतो. दोघे जात असाल तर एकमेकांच्या बॅगेत अर्ध्या अर्ध्या ठेवा, एखादी बॅग मागे राहिली तरी कुणाचाच दिवस जात नाही.

रॉड दोन पुरेत. नऊ फुटी, ९ वजनाचा (हे किलो नव्हेत, रॉडच्या ताकदीचा नंबर आहे), बोनफिशसाठी. आणि १२ वजनाचा, जीटीसाठी. परमिट आणि ट्रिगरफिश या माशांसाठी मधला १० वजनाचा असला तर छान, पण पहिल्या खेपेला लागतोच असं नाही. रीलचा ड्रॅग, म्हणजे पळत्या दोरीला अडवणारा ब्रेक, सीलबंद हवा, खारं पाणी आणि बारीक वाळू आत गेली की साधं रील दोन दिवसांत किरकिरायला लागतं. बॅकिंग, म्हणजे फ्लाय लाइनच्या मागे रीलवर भरलेली बारीक दोरी, भरपूर हवी, निदान दोनशे मीटर. बोनफिशची पहिली धाव शंभर मीटरपर्यंत सहज जाते, आपल्या खाडीत ज्यांनी बोयच गरवलीय त्यांना हे ऐकून खरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. फ्लाय लाइन ट्रॉपिकल म्हणून मिळते तीच घ्या, थंड प्रदेशातली लाइन तिथल्या उन्हात शिजलेल्या शेवयांसारखी लिबलिबीत होते आणि रॉडच्या कड्यांमध्ये चिकटते. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला पारदर्शक दोरा, बोनफिशला १६ ते २० पौंड ताकदीचा फ्लुरोकार्बन, दहा-बारा फूट. जीटीला १०० पौंडांच्या वरचा सरळ एकच तुकडा, त्यात नाजूकपणा काही नको.

फ्लायमध्ये बोनफिशला क्रेझी चार्ली आणि गॉचा, फिकट रंगाच्या, वेगवेगळ्या वजनाच्या डोळ्यांच्या. उथळ पाण्याला साखळीच्या मण्यांचे हलके डोळे, खोल पाण्याला जड. क्रेझी चार्ली १९७० च्या दशकात बहामाच्या अँड्रॉस बेटावर तयार झाली, आजही चालते. क्लाउझर मिनो दोन-चार ठेवा. परमिट आणि ट्रिगरला चिंबोरीच्या फ्लाय, त्यातली अल्फ्लेक्सो तर नावातच अल्फोन्स घेऊन आलीय. जीटीला मोठ्या ब्रश फ्लाय, काळ्या आणि फिक्या. प्रत्येक हुकाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, तिथे बिनकाट्याचा हुक सक्तीचा आहे, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या स्वतःच्या कानात हुक घुसला तरी त्याचं महत्त्व लगेच पटतं.

आता मैदान. गवत असलेलं हवं, डांबर किंवा सिमेंटवर लाइनचं आवरण खरडून जातं. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा. तीस, चाळीस आणि पन्नास फुटांवर तीन घमेली ठेवा. पहिला महिना फक्त चाळिसावर काढा. लोक लांब टाकायच्या मागे लागतात, सत्तर-ऐंशी फूट, पण फ्लॅटवर बहुतेक मासे साठ फुटांच्या आतच मिळतात. तिथे अंतरापेक्षा वेळ कमी असतो. मासा दिसल्यापासून तुमच्याकडे सहा-सात सेकंद असतात, त्यात फार तर दोन वेळा हवेत लाइन फिरवायची आणि तिसऱ्याला टाकायची. पाच-सहा वेळा मागेपुढे करत बसलात की मासा त्या सावल्या बघून गेलेला असतो.

दुसऱ्या महिन्यात घड्याळ. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, उजवा हात तीन, डावा नऊ. गाइड तुम्हाला मासा दाखवत नाही, सांगतो, दहा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय. ही भाषा कानाला आधीच लागायला हवी. माझी मुलगी कट्ट्यावर बसून ओरडायची, बाबा, दोन वाजता, पन्नास! आणि मी हातातली वीस फूट लाइन सोडून तिकडे वळून टाकायचो. पहिल्या आठवड्यात लोकर कुठेही पडायची, महिनाअखेर दहातली सात घमेल्याच्या आसपास यायला लागली. तिने हे इतकं मनावर घेतलं की मी दमलो तरी ती थांबायची नाही.

तिसरा महिना वाऱ्याचा. संध्याकाळी किनाऱ्यावर जा, वारा अंगावर घ्या आणि टाका. इथे डबल हॉल लागतो, म्हणजे रॉड पुढे जाताना डाव्या हाताने लाइन झटकन खाली खेचायची आणि लगेच हात वर सोडायचा, मागे जातानाही तसंच, त्याने लाइनला वेग मिळतो. समोरच्या वाऱ्यात पुढचा कास्ट खालच्या बाजूला मारायचा, वर मारला की वारा लाइन तुमच्याच तोंडावर आणून टाकतो. वारा उजव्या खांद्यावर असेल तर पाठ फिरवून मागच्या कास्टवर फ्लाय सोडायची, ती सवय नसली तर हुक पाठीत बसतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या हातात लहानपणापासून उलटं मुरलेलं असतं. जेटीवर बसून गरवताना मासा लागला की आपण काय करतो? झटका वर. बांबू असो की रॉड, वर. फ्लॅटवर वर झटका दिलात की फ्लाय माशाच्या तोंडातून निघून हवेत येते, संपला विषय. तिथे रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, माशाच्या दिशेने सरळ, आणि डाव्या हाताने लाइन लांब, सरळ मागे ओढायची. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. याचा फायदा असा की मासा चुकला तरी फ्लाय फूटभरच सरकते आणि तिथेच राहते, तो वळून परत घेऊ शकतो.

माझा पहिला दिवस सांगतो. गुडघाभर पाणी, गाइड म्हणाला अकरा वाजता, पस्तीस फूट. मला काहीच दिसेना. तो म्हणाला मासा शोधू नकोस, सावली शोध. बोनफिशचे खवले आरशासारखे, खाली वाळू असेल तर अंगावर वाळूच दिसते, पण उन्हात त्याची सावली तळावर पडते ती लपत नाही. मग दिसली, बोटभर जाडीची करडी रेघ, सरकणारी. फ्लाय चार फूट पुढे पडली, खाली बसली. स्ट्रिप. थांब. स्ट्रिप. ती रेघ वळली, पुढे आली, शेपूट किंचित वर झाली, आणि लाइन घट्ट झाली. आणि माझा हात वर गेला. तीन महिने सराव करूनही गेला. फ्लाय माझ्या टोपीवरून मागे गेली. गाइड शांतपणे म्हणाला, पुढचा. चौथ्या माशाला हात खाली राहिला. म्हणून सांगतो, मैदानावर कास्ट संपला की प्रत्येक वेळी लाइन डाव्या हाताने ओढूनच संपवा, रॉड उचलून कधीच नाही, दहा हजार वेळा.

मासा लागल्यावर पहिली दोन सेकंदं माशाकडे बघूच नका. पायाशी पडलेली मोकळी लाइन सुर्रकन वर येते, ती रीलच्या दांडीला, गुंड्याला, बोटाला अडकली तर तुटणारच. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीचं कडं करून त्यातून लाइन जाऊ द्या, सगळी रीलवर आली की मग रॉड वर आणि मग पळू दे त्याला.

जीटीचं सगळंच वेगळं. हा ट्रेव्हलीतला सर्वात मोठा, जगातला रेकॉर्डचा मासा ७२.८ किलोचा, जपानमध्ये २००६ साली पकडलेला. फ्लॅटवर तो पुष्कळदा मोठ्या पाकटाच्या (चपट्या, लांब शेपटीच्या माशाच्या) पाठीवरून चालतो, पाकट वाळू उकरून जे उठवेल ते हा गट्ट करतो. म्हणून पाकट दिसलं की त्याच्यावरची काळी सावली बघा. फ्लाय त्याच्या पुढ्यात, थोडी पलीकडे टाकायची, आणि फ्लाय कायम त्याच्यापासून पळाली पाहिजे. छोटा मासा कधी जीटीकडे पोहत जात नाही, तसं झालं की तो बिचकतो. तो मागे लागला की ओढतच राहायचं, लांब लांब, वेगात. पोटात गोळा येतो आणि हात आपोआप थांबतो, तो थांबू द्यायचा नाही. लागल्यावर ड्रॅग जवळपास पूर्ण आवळलेला, रॉड खाली आणि आडवा, कारण पन्नास मीटरवर प्रवाळ असतं आणि तिथे पोचला की लीडर कितीही जाड असो, कापला जातो.

मिल्कफिशला शेवाळासारख्या हिरव्या फ्लाय लागतात, कारण तो शेवाळच खातो. परमिट दिसला तर टाका, नाही घेतला तर वाईट वाटून घेऊ नका, वर्षानुवर्षं जाणारेही एका परमिटसाठी झुरतात. ट्रिगरफिशचे दात इतके मजबूत की हुकच मोडतो.

सगळे मासे सोडायचे असतात. हात ओले करून धरा, सनस्क्रीन लावलेल्या हाताने नको, पाण्याबाहेर फोटोपुरते काही सेकंद, ठिबकणाऱ्या माशाचा पटकन फोटो आणि परत पाण्यात. तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतःहून ताकदीने निघाला की सोडा. आसपास लेमन शार्क दिसली तर मासा दमवू नका, लवकर आणा, आणि शार्क निघून जाईपर्यंत सोडू नका. नाहीतर आपण सोडलेला मासा दहा फुटांवर तिच्या तोंडात जातो, ते बघवत नाही.

पाय घासत चाला, उचलून टाकत नको. वाळूत झोपलेलं पाकट घासण्याने उठून जातं, त्याच्यावर पाय पडला तर काटा बसतो, हे आपल्या पुळणीवरही लागू आहे. जाड तळाचे फ्लॅट्स बूट घ्या, प्रवाळाची जखम खाऱ्या पाण्यात आठवडाभर भरत नाही. बूट नवे कोरे घालून जाऊ नका, आधी पंधरा दिवस घालून पायाला बसवा. गॉगल पोलराइज्डच, तांबूस-तपकिरी काचेचा, दुसरा एक बॅगेत. त्या गॉगलशिवाय पाणी म्हणजे नुसती चकाकी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडावर बफ (नळीसारखा कापडी रुमाल), हातमोजे. लाइन ओढून तर्जनीला चिरा पडतात, दुसऱ्या दिवसाच्या आधीच पट्टी गुंडाळा, चिरल्यावर नाही. प्रत्येकी निदान तीन लिटर पाणी, आणि तहान लागायची वाट बघू नका.

सोबत न गरवणारं कुणी असेल तर त्यांचाही आठवडा छान जातो, अल्फोन्सवर अल्दाब्राची महाकाय कासवं मोकळी फिरतात, स्नॉर्कलिंग आहे, सायकलने तासाभरात बेट फिरून होतं. बायकोने कासवांना पानं भरवण्यात दोन संध्याकाळी घालवल्या आणि परतताना तिलाच जास्त वाईट वाटत होतं. कुणी भेटलं की बोंझूर म्हणा, मेर्सी म्हणा, क्रिओलमधले एवढे दोन शब्दही तिथल्या लोकांना आवडतात.

रोज संध्याकाळी, कितीही दमलेले असा, रॉड आणि रील गोड्या पाण्याने धुवा. जोरात फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं, हलकं पाणी ओतायचं आणि फडक्याने पुसायचं. पक्कड विसरू नका, तीच सगळ्यात आधी गंजते. वापरलेल्या फ्लाय कोरड्या डबीत परत ठेवू नका, एक ओली फ्लाय सगळ्यांचे हुक गंजवते, आधी रात्रभर टोपीवर टोचून वाळवा. घरी आल्यावर लाइन रीलवरून पूर्ण काढून कोमट पाण्यात तासभर भिजवा, बॅकिंगसुद्धा, सावलीत वाळवून परत भरा, आणि कपाटात ठेवायच्या आधी रीलचा ड्रॅग पूर्ण सैल करा.